पुरात बुडालेली 1994ची मारुती 800 घरीच उभी करायची आहे. आधी इंजिन, पत्रा की रंग?

वाशिष्ठीकाठ (2 फेब्रुवारी)

नमस्कार. मी चिपळूणची, आमचं औषधांचं दुकान आहे. 22 जुलै 2021च्या पुरात दुकान आणि घराचा खालचा मजला दोन्ही गेलं. त्याच दिवशी शेजारच्या गुरुजींची पांढरी मारुती 800 त्यांच्या अंगणात उभी होती. पाणी टपावरून गेलं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा सीटवर वीतभर गाळ होता. त्या दिवसांत जो तो आपापलं घर खरवडत होता, गाडीकडे बघायला कुणालाच उसंत नव्हती. पुढे गुरुजी मुलाकडे पुण्याला गेले आणि गाडी फणसाखाली तशीच राहिली.

गेल्या महिन्यात ते घर आवरायला आले होते. भंगारवाला 11 हजार द्यायला तयार होता. मी 15 दिले. मी गाडी चालवायला हिच्यावरच शिकले. वाशिष्ठीच्या पुलाआधीच्या चढावर हँडब्रेक ओढून क्लच कसा सोडायचा, हे गुरुजींनी मला न चिडता निदान चाळीस वेळा करून दाखवलं असेल. ती गाडी माझ्या डोळ्यांदेखत कापली जाणं मला शक्यच नव्हतं.

आत्ताची अवस्था सांगते. चारही टायर बसलेत. पुढची दोन्ही चाकं फिरतात, मागची जाम आहेत. इंजिन फिरत नाही. परवा ऑईलचा नट सोडला तर आधी पाऊण लिटर मातकट पाणी आलं, मग चॉकलेटी गाळ आणि शेवटी काळं ऑईल. वरून पत्रा बरा दिसतो. दोन दारांच्या खालच्या कडेला फोड आहेत, बॉनेटवर फणसाच्या चिकाचे डाग आहेत. आतली मॅट अजून उचललेली नाही.

माझ्याकडे वडिलांचा पान्यांचा सेट, एक जॅक आणि दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं तेवढा वेळ आहे. जास्तीत जास्त 70 हजार घालू शकते. एका गॅरेजवाल्यांनी सांगितलं की आधी इंजिन चालू करून बघा, चालू झालं तर पुढचा खर्च करा. पेंटर म्हणतात आत्ता ऊन आहे, आधी डेंटिंग-पेंटिंग उरकून घ्या, पावसात रंग धरत नाही. दोघांचंही पटतं, म्हणून अडकले आहे. ज्यांनी स्वतःच्या हाताने असं काम केलं आहे त्यांनी कृपया सांगा, पहिला हात कशाला लावू?

---

नानापेठ_स्पेअर (2 फेब्रुवारी)

पान्याला हात लावण्याआधी कागद बघा. 1994ची गाडी म्हणजे 2009ला पंधरा वर्षं झाली, त्यानंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. गुरुजींनी 2014 आणि 2019ला केलं होतं का? 2024चं तर राहिलंच असणार. वीस वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट 2025पासून 10 हजार झाली आहे. मुदत उलटल्यावर दर महिन्याला 500 रुपये विलंबाचे वेगळे, शिवाय पर्यावरण कर आणि नवीन नंबर प्लेट. तुमच्या 70 हजारांतून हे आधीच बाजूला काढा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पुरानंतर गुरुजींनी विमा कंपनीकडून गाडीची पूर्ण भरपाई घेतली होती का, ते विचारा. घेतली असेल तर गाडी विकायचा हक्क त्यांच्याकडे होता का, इथपासून प्रश्न येईल. नोंदणी रद्द झालेली नाही ना, तेही आरटीओत बघून या. गुरुजी चिपळुणात आहेत तोवर मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30वर सह्या घेऊन ठेवा. मागाहून सहीसाठी पुण्याला खेपा घालाव्या लागतात.

सामानाची काळजी करू नका. 800 बंद होऊन बारा वर्षं झाली, पण 796 सीसीचं हेच इंजिन ओम्नीत 2019पर्यंत होतं. इंजिनचं जवळपास सगळं मिळतं. काचेची रबरं आणि आतले प्लास्टिकचे तुकडे शोधायला मात्र वेळ लागतो.

---

कृष्णाकाठ (3 फेब्रुवारी)

ताई, सांगलीहून लिहितोय. साखर कारखान्यात 31 वर्षं फिटर होतो. ऑगस्ट 2019च्या पुरात माझी 1997ची 800 सहा दिवस पाण्यात होती. तुमच्याकडे पाणी झपाट्याने येतं आणि जातं, आमच्याकडे कृष्णामाई येऊन बसते. पण मागे गाळ दोन्हीकडे सारखाच राहतो, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या गाळातच आहे.

पहिला हात रनिंग बोर्डाला, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीला लावा. इंजिनला नाही, रंगाला तर नाहीच नाही.

मी नेमकं उलटं केलं होतं. आधी इंजिन केलं, दसऱ्याला गाडी चालू झाली, दिवाळीआधी रंग मारला. गाडी अशी दिसत होती की गल्लीतले लोक थांबून बघायचे. पुढच्या जूनमध्ये डाव्या दाराखाली रंगाला फोड आला. बोटाने दाबला तर बोट आत गेलं. तिथला पत्रा कापून काढला तेव्हा आतला गाळ ओला होता. पूर येऊन दहा महिने झाले होते, मधे एक अख्खा उन्हाळा गेला होता, तरी ओला. त्या दिवशी मी बराच वेळ पायरीवर बसून राहिलो. रंगाचे 19 हजार तर गेलेच, आणि जो पत्रा नुसत्या पाण्याने धुऊन वाचला असता तो कापून टाकावा लागला.

असं का होतं ते सांगतो. या गाडीला वेगळी चेसिस नाही, सगळा भार बॉडीच पेलते. दाराखालचा रनिंग बोर्ड म्हणजे दोन-तीन पत्रे जोडून केलेली पोकळ पेटी. दारांच्या मधला खांब पोकळ, पुढचे मेंबर (बॉडीचे आधार) पोकळ, दारं तर आहेतच. मुळात ही जपानच्या छोट्या अल्टोची बॉडी, सगळी गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास. एवढं वजन राखायचं तर पत्रा पातळच लागणार, जाडी एक मिलिमीटरच्याही आत. पुरात या प्रत्येक पोकळीत गढूळ पाणी शिरतं. पाणी खालच्या भोकांतून निघून जातं, गाळ तळाला बसतो आणि जाता जाता तीच भोकं बुजवतो. मग दर पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पत्र्याला धरून बसतो. बाहेरून रंग शाबूत असतो, आतून पत्रा जात असतो.

आता काम कसं करायचं. सीटा काढा, मॅट काढा, खालचा नमदा (जाड लोकरी थर) काढून फेकून द्या, तो धुऊन वाचत नाही. बॅटरी असेल तर काढा. गाडी जॅकवर उचला आणि चारही बाजूंना लाकडी ओंडके किंवा स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. मग रनिंग बोर्डाच्या खालच्या कडेने हात फिरवा, पाणी जायची छोटी भोकं लागतील. सायकलच्या ब्रेकची तार घेऊन ती मोकळी करा. वरच्या बाजूला दाराच्या पट्टीखाली रबरी बुचं असतात, ती काढून बागेचा पाईप आत घाला आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. प्रेशरने मारू नका, हळू सोडा. गाळ वाळून वीट झाला असेल तर रात्रभर भिजू द्या.

मग स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि रनिंग बोर्ड दर चार बोटांवर ठोका. पत्रा चांगला असेल तिथे 'टण्' वाजतो. आत गाळ उरला असेल तर आवाज बसका येतो. पत्रा गेला असेल तर आवाजच येत नाही, करकर अशी जाणीव हाताला होते. मऊ जागांवर खडूने फुल्या मारा आणि त्यांचा फोटो काढून ठेवा. तुमचा खर्च किती, हे त्या फुल्यांवरून ठरेल, इंजिनवरून नाही.

धुऊन झालं की आठ दिवस नुसतं वाळू द्या. फेब्रुवारीचं ऊन आहे, दारं उघडी ठेवा, दुपारी केस वाळवायचं यंत्र भोकाशी धरा. पूर्ण वाळल्यावर आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण मारा. लांब नळीचा कॅन मिळतो, नळीच्या टोकातून मेण चारी बाजूंना उडतं. ओल असताना मारलंत तर ओल आत कोंडली जाईल, म्हणून घाई नको.

इंजिन मधल्या काळात भिजत घाला. तिन्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑईल ओता, रोज थोडी भर घाला. चारपाच दिवसांनी क्रँकपुलीच्या (इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या) बोल्टला पाना लावून किंचित पुढे-मागे हलवून बघा. सुटलं तर आनंद आहे, पण म्हणून स्टार्टर मारू नका. चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्यात) गाळ निघाला म्हणता, तर तो ऑईलपंपाच्या जाळीत आणि क्रँकच्या भोकांतही असणार. दोन मिनिटं जरी चाललं तरी तो गाळ बेअरिंगला पॉलिश पेपरसारखा घासेल. हे इंजिन उतरवायचंच आहे असं धरून चाला. तीन सिलिंडरचं हलकं इंजिन आहे, चेनपुली आणि दोन माणसं पुरतात. हेड, चेंबर, पंप सगळं उघडून धुवायचं. टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप आणि सगळी सील नवीन. गिअरबॉक्सचं ऑईलही काढून बघा, तिथेही पाणी असेल.

ब्रेकचं काही वाचवू नका. मागची चाकं जाम आहेत म्हणजे व्हील सिलिंडर गंजलेत. सिलिंडर, रबरी होज, मास्टर सिलिंडर सगळं नवीन घ्या आणि लोखंडी ब्रेकपाईप हाताने चाचपून बघा. गाडी सुरू व्हायच्या आधी ती थांबली पाहिजे.

पेंटरला सांगा की पुढच्या वर्षी या.

---

वाशिष्ठीकाठ (15 फेब्रुवारी)

काका, तुमचं लिखाण छापून गाडीच्या काचेला आतून चिकटवलं आहे.

कागदांचं आधी सांगते. गुरुजींचा विमा फक्त थर्ड पार्टी होता, त्यामुळे पुराची भरपाई मिळालीच नव्हती. नूतनीकरण 2019ला झालेलं आहे, नोंदणी रद्द नाही. सह्या घेतल्या. नानापेठ_स्पेअर यांचे मनापासून आभार, हे मला सुचलंच नसतं.

आता रनिंग बोर्ड. डावीकडची पाच भोकं होती, पाचही बंद. पहिलं मोकळं केल्यावर काहीच आलं नाही. दुसऱ्यात तार फिरवली आणि आधी कोरडी भुकटी पडली, मग पाईप सोडल्यावर लाल-करडं पाणी यायला लागलं ते तब्बल चाळीस मिनिटं. त्याचा वास तोच होता. साडेचार वर्षांनीही मला तो लगेच ओळखू आला, दुकानाच्या शटरमधून आला होता तोच. माझी आई दारातून बघत होती, ती आत निघून गेली. दोन्ही बाजूंचा मिळून दीड घमेलं गाळ निघाला. त्यात एक पाच रुपयांचं नाणं, सुपारीचं साल आणि कुणाच्या तरी शर्टाचं बटण होतं.

ठोकून बघितलं. डावी बाजू पूर्ण 'टण्' वाजते. उजवीकडे मागच्या चाकाजवळ दोन फुल्या. पण खरा घाव वेगळाच निघाला. ड्रायव्हरची मॅट उचलली तर क्लचजवळ, टाच टेकते तिथे, माझ्या पंजाएवढं भोक आहे, आणि त्याच्या कडा बिस्किटासारख्या तुटतात. भोकातून खालची जमीन दिसते.

दोन प्रश्न. हे भोक फायबर आणि लांबी (पुट्टी) भरून बुजवतो असं एकाने सांगितलं आहे, चालेल का? आणि पेट्रोलची टाकी हलवली की आत खडखडतं. ती धुऊन वापरता येईल का?

---

कुडाळ_वेल्डिंग (15 फेब्रुवारी)

नाही, लांबी नको. तुम्ही ज्या जागेवर पाय रोवून ब्रेक दाबणार ती जागा आहे ती. लांबी दिसण्यासाठी असते, भार घेण्यासाठी नसते.

भोकाच्या चारही बाजूंनी चमकता पत्रा लागेपर्यंत कापा. पंजाएवढं भोक आहे म्हणता, कापून झाल्यावर ते वहीच्या पानाएवढं होईल. घाबरू नका, ते बरोबर आहे. गंजलेल्या कडेवर वेल्डिंग धरतच नाही, नुसतं जळून मोठं भोक पडतं. पुठ्ठ्याचा नमुना कापा, तो 20 गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यावर उतरवा, कडेने अर्धा इंच जास्त ठेवा. फ्लोअरला जशा नाळी आहेत तशा ठोकून घ्या, सपाट पत्रा पायाखाली ढबढब वाजतो.

वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे मिगचंच (वायू सोडत तारेने करतात ते) करून घ्या. गॅसने एवढा पातळ पत्रा वेडावाकडा होतो. एक टाका इथे, दुसरा समोर, थंड होऊ द्यायचं, मग पुन्हा. एका दमात ओढणारा वेल्डर असेल तर त्याला काम देऊ नका. त्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडा. फ्लोअरवर डांबराची काळी शीट चिकटवलेली असते, ती वीतभर अंतरापर्यंत खरवडा, नाहीतर ठिणगीने पेट घेते. पेट्रोलची टाकी गाडीवर असताना वेल्डिंग अजिबात नाही. एक माणूस पाण्याची बादली घेऊन उभा हवा. जोडावर वरून-खालून झिंक प्रायमर, मग जोडाच्या फटीवर सीलर, मग खालून अंडरकोट.

उजवीकडच्या दोन फुल्याही याच वेळी उघडा. वेल्डर एकदाच बोलवावा लागेल. तुम्ही सिंधुदुर्गात असता तर मीच आलो असतो.

---

कृष्णाकाठ (16 फेब्रुवारी)

कुडाळच्या भावाने जे सांगितलं त्यात मला काही वाढवायचं नाही.

टाकी उतरवून, उरलंसुरलं पेट्रोल काढून, आत मूठभर खिळे-नट आणि पाणी घालून खळखळून बघा. लाल पाणी दोनतीन वेळा येऊन थांबलं तर टाकी वाचली. शेवटी उन्हात पूर्ण वाळवा आणि उजेडाकडे धरून आत बघा. सुईएवढा जरी उजेड दिसला तरी टाकी बदला. रिकाम्या टाकीला कुणालाही वेल्डिंग करू देऊ नका. पेट्रोल संपलं तरी वाफ आत राहते आणि तिचा स्फोट होतो.

पेट्रोलच्या नळीबद्दल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. 1994ची रबरं त्यासाठी केलेली नाहीत, ती फुगतात, मग तडकतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळी नळी नवीन, नळीवर 'एसएई जे30 आर9' असं छापलेलं बघून घ्या. कार्ब्युरेटरचं किट घ्याल तेव्हा ॲक्सिलरेटर पंपाचा पडदाही बदला. इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवून पुढे आणतं, म्हणून पहिल्या महिन्यात पेट्रोल फिल्टर दोनदा बदला. आणि गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्महिने उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतली ओल ओढतं. चिपळूणच्या पावसात तर फार.

आईंना नमस्कार सांगा. आमच्याकडेही त्या वासाला अजून कुणी तयार नसतं.

---

वाशिष्ठीकाठ (9 मे)

बरेच दिवस लिहिलं नाही, आज सगळं सांगते.

फ्लोअर झाला. वेल्डर खेर्डीहून आला. मी वेल्डिंगच्या टाक्यांचं बोलले तर म्हणाला, तुम्हाला हे कुणी शिकवलं. दोन दुपारी लागल्या. उजवीकडच्या फुल्या उघडल्या तर एक जागा वाचली, एक बदलली. फोड आलेल्या दोन्ही दारांची खालची कड स्वतः घासली, पॉलिश पेपर 80, मग 220. प्रायमर मारला. रंग नाही मारलेला.

इंजिन सातव्या दिवशी सुटलं होतं. 'कट्' असा एकच आवाज आला आणि पाना हातात सैल झाला. स्टार्टर मारायचा मोह फार झाला. काचेवरचा कागद बघितला आणि पाना ठेवून दिला. चुलतभाऊ आणि शेजारचा मुलगा यांनी चेनपुलीने इंजिन उतरवलं. चेंबर उघडला तर ऑईलपंपाच्या जाळीवर गाळाची पोळी होती, अख्खी, नखाने उचलून निघाली. त्या दिवशी कळलं तुम्ही मला कशापासून वाचवलंत.

ब्लॉक लेथवर दिला. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) 68.5 मिलिमीटर, पहिल्या सिलिंडरमध्ये गंजाचे खड्डे होते, म्हणून तिन्ही अर्धा मिलिमीटरने वाढवून नवीन पिस्टन घातले. क्रँक चांगला निघाला. बेल्ट, पंप, सील, क्लचप्लेट नवीन. टाकी वाचली, उजेड दिसला नाही.

जोडणी माझी मी केली, फक्त टायमिंग लावायला एका जुन्या मेकॅनिकना बोलावलं. प्लगच्या वायरी मी 1-2-3 अशा लावल्या होत्या, त्यांनी बघितल्या बघितल्या 1-3-2 केल्या, ठिणगीचा क्रम तसा असतो. पॉइंटची (ठिणगीची वेळ साधणाऱ्या संपर्कांची) फट पोस्टकार्डाच्या तुकड्याने बघून घेतली आणि मला फीलर गेजने (फट मोजायच्या पातीने) 0.45 मिलिमीटर मोजायला लावली. 3 मेला दुपारी तीन वाजता इंजिन सुरू झालं. आधी खूप धूर आला, मग कमी झाला. मी पुण्याला फोन लावून तो बॉनेटजवळ धरला. गुरुजी काही बोलले नाहीत, मग म्हणाले, आयडलिंग थोडं जास्त आहे, कमी कर.

आत्तापर्यंत गाडीचे 15 धरून 81 हजार झालेत, त्यात आरटीओचे पैसे नाहीत. ठरवलेले 70 कामाला होते, त्यातले 66 गेले. टायर अजून जुनेच आहेत, त्यामुळे आवारातच पुढे-मागे करते. 145/70 आर12 मापाचे चिपळुणात लगेच मिळाले नाहीत, मागवले आहेत. वायपरची मोटर चालत नाही, उजव्या इंडिकेटरला हिरवा गंज आहे, वायरी एकेक करून साफ करतेय.

एक विचारायचं राहिलं. डाव्या रनिंग बोर्डात मेण मारून झालं. उजवीकडे नवीन वेल्डिंगच्या जोडाजवळ नळी पुढे सरकत नाही, बहुतेक आतला पत्रा थोडा वर आलाय. मागच्या चाकाच्या बाजूने नवीन भोक पाडून तिथून मारू का? पाऊस यायला महिना आहे.

---

कुडाळ_वेल्डिंग (9 मे)

पाडा. 10 मिलिमीटरचं, खांबापासून चार बोटं मागे, रनिंग बोर्डाच्या आतल्या बाजूला. कडेला लगेच झिंक प्रायमर लावा आणि मेण मारून झाल्यावर रबरी बूच बसवा. खालचं पाणी जायचं भोक मेणाने बुजलं नाही ना, ते तारेने बघून घ्या.